लेकीच्या घरचं पाणी

गावात परत आल्यापासून जो तो एकच विचारतो. पारावर बसलो तरी तेच, ओढ्यावर गेलो तरी तेच. "मास्तर, गेलता त्या कामाचं काय झालं?" सांगून सांगून माझा घसा बसला. म्हणून आता लिहूनच काढतो. ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं, ज्याला येत नाही त्यानं वाचून घ्यावं, पण मला पुन्हा विचारू नये.

काम काय होतं ते गावाला ठाऊक आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो. मावळात आमचं सावरवाडी. भाताची खाचरं, आंब्याची चार झाडं आणि एक शाळा. त्या शाळेत मी जन्मभर मास्तरकी केली आणि सोबत घरची शेती पाहिली. आता शाळा सुटली आणि शेती गळ्यात आली. माझा वाटेकरी बबन शेलार गेला अंबरनाथच्या कारखान्यात. त्याच्या मागं त्याचा भाऊ गेला. भावाच्या मागं निम्मी आळी गेली. शिमग्यात सोंग काढायला गडी मिळेनात, म्हणून म्हाताऱ्यांनीच तोंडाला रंग फासले. आता राब भाजायचे, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून घ्यायचे दिवस आले. पालापाचोळा तोडून आणायला, पसरायला, पेटवायला माणूस नको का? मी एकटा पडलो. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगा नाही. एकुलती एक इंदू, तीही लग्न होऊन तिकडंच, अंबरनाथला लागून असलेल्या निर्वासितांच्या कॅम्पात. जावई सदाशिवराव कारखान्यात.

ठरवलं, जाऊन दोघांना घेऊन यायचं. शेत त्यांच्या नावावर करून द्यायचं, घर त्यांच्या हवाली करायचं. यंदा ते आले नाहीत तर खाचरं पडीक पडणार, हे उघड होतं. घरातल्या तांदळाचं एक गाठोडं बांधलं, खांद्यावर टाकलं, हातात कपड्यांची पिशवी घेतली आणि निघालो.

एकच अडचण होती. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न सोडाच, पाणीसुद्धा घ्यायचं नाही. इंदूच्या घरी अजून पाळणा हललेला नाही. गावाकडं या रीतीनं कुणाचं काही अडत नाही. लेकीच्या गावात भावकीतलं नाहीतर सोयऱ्याधायऱ्याचं एखादं घर असतंच. बसायचं लेकीकडं, जेवायचं तिकडं. मी म्हटलं, बबन बदलापूरला कुळगावात राहतो, त्याच्याकडं जेवू. इतकी वर्षं त्याला घरचं ताक पाजलंय, तो का आपल्याला उपाशी ठेवणार आहे?

कुळगाव

बदलापूर स्टेशनात उतरलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. पहाटेच्या गाडीत खिडकीबाहेर डोकं काढून बसण्याची हौस मला नडली होती. नाक चोंदून गच्च, डोकं ठणकतंय, खांद्यावर तांदूळ. आमच्याकडं पाहुणा वेशीत शिरला की पोरं पुढं पळत जाऊन ज्याच्या त्याच्या दारात वर्दी देतात. इथं मी तीनदा गल्ली चुकलो आणि तिन्ही वेळा त्याच न्हाव्याच्या दुकानासमोर आलो. तो न्हावी माझ्याकडं बघून हसायला लागला तेव्हा डोक्यात तिडीक गेली.

शेवटी एका ओट्यावर एक म्हातारा सुतळी वळत बसला होता, त्याला विचारलं. तो इथलाच जुना शेतकरी.

"बबन? कंचा बबन?" म्हातारा म्हणाला. "आमचा गाव व्हता तवा मी सगल्यांना वलकत व्हतो. आता नाय. ही नवीन मानसं सकालची जातान, अंदारात येतान. तोंड बगाल तवा वलकाल ना?"

"पण राहतात कुठं ही माणसं?"

त्यानं सुतळीसकट हात लांब केला. पलीकडं पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. "ते माजं वावार. वाल व्हायचा तिथं, असा वाल की नाव काढायचं काम नाय. पोरांनी इकला. आता खोल्या पिकतान." मग म्हणाला, "पानी घेताव का?"

ते पाणी मी घटाघटा प्यालो. विहिरीचं होतं, गार होतं. त्या दिवशी पोटात गेलेली तीच एक धड गोष्ट.

बबनची खोली सापडली, पण दाराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "बाबा, खोली काय त्याची एकट्याची नाही. दिवसपाळीवाले रात्री झोपतात, रातपाळीवाले दिवसा. त्याची बायको गेली भावाकडं. इथं चूल कुठली पेटायला?" मी म्हटलं, मग जेवतो कुठं हा? ती म्हणाली, "कारखान्यापाशी खाणावळ आहे." म्हणजे ज्याच्या भरवशावर मी घरून निघालो त्याला स्वतःचीच चूल नव्हती. हात्तिच्या! दोन केळी विकत घेतली, स्टेशनच्या बाकावर बसून खाल्ली आणि अंबरनाथची गाडी धरली.

कॅम्प

ज्यांनी तो कॅम्प पाहिलेला नाही त्यांना काय सांगू? लढाईच्या काळात सोल्जरांसाठी लांबच लांब बराकी बांधल्या होत्या. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणून त्यांत ठेवलं. आता त्याला उल्हासनगर म्हणायचं असा हुकूम आहे, पण कुणाला विचारा, कॅम्पच म्हणतो. एकेका बराकीत गोणपाट, जुनी लुगडी, पत्र्याचे तुकडे टांगून घरं पाडलेली. एका घरात शिंकलं की चौथ्या घरातून कुणीतरी काहीतरी म्हणतं. बाहेर खाटांवर पापड वाळत घातलेले, कुणी कंगवे विकतंय, कुणी मिठाई, कुणी कापडाचे तुकडे. आमच्या गावात दुकान एक, तेही दुपारी बंद. इथं घर अर्धं आणि दुकान अख्खं. त्या गलक्यातून गाठोडं सांभाळत जाताना मला सारखं वाटत होतं, आपल्या पोरीला आपण कुठं टाकली ही!

एका सिंधी बाईनं आपल्या वाटणीच्या जागेतला अर्धा भाग इंदूला भाड्यानं दिला होता. मधे पडदा गोणपाटाचा. तोही जमिनीपर्यंत पोचत नव्हता.

मला बघताच इंदू धावत आली. पाय धुवायला पाणी दिलं. मग पितळेचा तांब्या भरून समोर आणून ठेवला.

"इंदू," मी म्हटलं.

"माहीत आहे, अण्णा. पण बाप दारात आल्यावर तांब्या पुढं करायचा नाही असं कसं होईल?" तिनं तो तसाच उचलून नेला. तोंड पडलं होतं तिचं. मला वाईट वाटलं, पण रीत म्हणजे रीत. तांदळाचं गाठोडं तिच्या हवाली केलं. द्यायला काही हरकत नसते, घ्यायलाच असते.

आता खायचं काय? पोटात कावळे ओरडायला लागले होते. इंदू पलीकडं गेली, बराच वेळ काहीतरी कुजबुज झाली, आणि मग पडदा बाजूला करून ती सिंधी बाईच आली. पांढरे केस, सलवार-खमीस, गुडघ्यावर हात ठेवून चालणारी. तिचं नाव ईश्वरीबाई. इंदू तिला अम्मा म्हणते. बाईनं माझ्यापुढं भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला धरला.

"आओ मास्टर साहिब. पापड-पानी लो. हमारे में मेहमान को पहले ये देते हैं. और खाना दोनों टाइम हमारे घर. तुम्हारा मुलगी सब बोला मेरे को."

मी विचारात पडलो. ही ना भावकीतली, ना सोयरी, ना गावची. पण लेकीच्या घरचं खाऊ नये एवढंच आपल्यात सांगितलंय, सिंधी बाईच्या घरचं खाऊ नये असं कुणी कुठं सांगितलंय? आणि खरं सांगायचं तर भुकेनं विचार फार वेळ टिकला नाही. पापड खाल्ला, पाणी प्यालो.

संध्याकाळी पडद्याच्या पलीकडं पाटावर बसलो. भात, आमटी, मेथीची भाजी. नाक चोंदलेलं, कशाचाच वास नाही. भात जिभेला बरा लागला. मी ईश्वरीबाईला म्हटलं, "रेशनचा दिसतोय. जुना आहे, पण वाईट नाही." बाईनं फक्त मान हलवली. आमटीत मीठ कमी होतं. तोंडावर सांगणं बरं दिसलं नसतं, म्हणून अलीकडं येऊन इंदूपाशी कुरकुरलो. "शेजारणीचा हात बरा आहे, पण मिठाचा अंदाज नाही तिला."

"सांगते हं त्यांना," इंदू म्हणाली आणि भांडी घासायला बाहेर गेली.

सदाशिवराव दुपारपाळीला होते, ते मी झोपल्यावर आले. त्या रात्री डास इतके चावले की उजाडेपर्यंत मी बराकीतल्या सगळ्यांची घोरणी ओळखायला शिकलो.

अंबरनाथ

दुसऱ्या दिवशी सदाशिवरावांबरोबर बाहेर पडलो. म्हटलं, चार माणसांत बोलायला नको, बराकीत तर भिंतीलाच कान नव्हे, भिंतच कानाची. त्यांनी मला शंकराच्या देवळाकडं नेलं. देऊळ फार जुनं, काळ्या दगडाचं, आणि त्यावरची कोरीव माणसं बघत राहावी अशी. पण मी बघत बसायच्या मनःस्थितीत नव्हतो. न्याहारी अजून झाली नव्हती. प्रसाद मिळेल म्हणून हात पुढं केला तर पुजाऱ्यानं चिमूटभर साखर ठेवली. आमच्याकडं महादेवाला निदान खोबऱ्याचा तुकडा तरी असतो.

ओढ्याकाठी बसलो आणि मी सगळं मांडलं. खाचरं, घर, राब, यंदाची अडचण. जावई खाली मान घालून ऐकत होते. माणूस सज्जन. म्हणूनच जास्त राग येतो.

"मामा," ते म्हणाले, "तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेलोय का? पण पुढच्या महिन्यात मला कायम करणार आहेत. भातावर घर चालतं चार महिने. मग कुणाची तरी लाकडं तोडायची, कुणाची तरी गाडी हाकायची. इथं पाऊस पडो न पडो, पगार होतो."

"आणि त्या गोणपाटात आयुष्य काढणार?"

"नाही. कुळगावात जागा बघतोय. विटांची खोली."

ओट्यावरच्या त्या म्हाताऱ्याचा वाल माझ्या डोळ्यांपुढं आला. मी म्हटलं, "म्हणजे आपलं शेत पडीक टाकायचं आणि दुसऱ्याच्या शेतात खोली घ्यायची. शहाणपणा आहे!"

एवढंच म्हणाले, "इंदूला विचारा. ती म्हणेल तसं."

कारखान्याच्या फाटकापर्यंत त्यांच्या सोबत गेलो. भोंगा झाला, पाळी सुटली आणि फाटकातून आमचं मावळ बाहेर पडलं. खोटं नाही सांगत. हा गणपतचा नातू, हा तुकाराम, त्या दोघांना मी पाढे शिकवलेले. गावात हाक मारायला माणूस नाही, आणि इथं मी चारी बाजूंनी "मास्तर, मास्तर" ऐकत होतो. बबनही भेटला. पाया पडला, डोळ्यांत पाणी आणलं. "मास्तर, घरी या ना जेवायला," म्हणाला, आणि मग स्वतःच ओशाळला. "म्हणजे... आज खोलीवर दुसऱ्यांची पाळी हाय." मग मला खाणावळीत नेऊ लागला. त्या खाणावळीतली कळकट फडकी बघूनच माझी भूक मेली. मी त्याला म्हटलं, "राब भाजायला ये की दोन दिवस." तो हसला. वाईट हसला नाही, पोरगं काहीतरी खुळ्यासारखं बोललं की आपण हसतो तसं हसला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

परत आलो तर ईश्वरीबाईकडं ताट तयार. तांदळाची भाकरी, पिठलं, लसणाची चटणी. मीठ अगदी नेमकं. मनात म्हटलं, बघा, परकी बाई, एकदा सांगितलं तर सुधारली. पोटभर जेवलो. अलीकडं येऊन इंदूला म्हटलं, "शीक काहीतरी त्यांच्याकडून. सिंधी असून भाकरी कशी थापतात बघ, तुझ्या आईची आठवण झाली."

इंदू माझ्याकडं बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावून घाईघाईनं बाहेर गेली. मला वाटलं, आईच्या आठवणीनं गेली.

त्याच दुपारी तिला गावी येण्याचं विचारलं. "उद्या सांगते, अण्णा," म्हणाली.

पुन्हा कॅम्प

तिसऱ्या दिवशी नाक मोकळं झालं. सकाळी बाजारात फेरी मारून मी वेळेच्या आधीच परतलो आणि आपला सरळ ईश्वरीबाईच्या बाजूनं आत शिरलो. आत भाताचा वास दरवळत होता. आंबेमोहर! माझ्या शेतातला, माझ्या खांद्यावरून आलेला आंबेमोहर! तो वास मी झोपेतही ओळखीन.

ईश्वरीबाई पडद्याजवळ खाली बसली होती. पडद्याखालच्या फटीतून एक ताट सरकत आत आलं. ताट सरकवणाऱ्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. लग्नात मीच भरलेल्या.

"बेटी, नमक डाला?" बाई म्हणाली.

"डाला, अम्मा," पलीकडून इंदूचा आवाज. "आज जास्त डाला. अण्णाको लगता है."

मी तिथंच ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. तीन दिवस माझ्या तोंडात माती घातली, मला खुळ्यात काढलं, रीत बुडवली, असं बरंच काही. सगळी बराक गोळा झाली. इंदू पडदा उचलून आली, हात पिठाचे, आणि चक्क रडण्याऐवजी भांडायला लागली.

"मग काय करायचं होतं? तुम्हाला केळ्यांवर ठेवायचं होतं? इथं कुठं आहे भावकी?"

ईश्वरीबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "मास्टर साहिब, चिल्लाओ मत. जगह मेरी, थाली मेरी. मेहमान तुम मेरे." मग हळू आवाजात म्हणाली, "हमारे में भी येईच रीत है. मेरा बाप मेरे ससुराल आता था, उधर सिंध में, शिकारपुर में. पानी नहीं पीता था. धूप में आता, बाहेर बसता, प्यासा जाता. मेरे को बच्चा नहीं हुआ. बाप एक दिन भी मेरे घर का पानी नहीं पिया, और मर गया. अब ना वो घर है, ना वो गाँव. किसको पिलाऊँ?"

मी पिशवी उचलली आणि न जेवताच बाहेर पडलो. राग बाईचा नव्हता, इंदूचाही नव्हता. कुणाचा होता ते मला तेव्हा कळेना, म्हणून तो जास्तच चढत होता.

बराकीच्या टोकाला नळ होता. त्याला ठरलेल्या वेळीच पाणी यायचं. हंड्यांची रांग लागलेली, बायका सिंधी, मराठी, हिंदी सगळ्या भाषांत एकमेकींचा उद्धार करत होत्या. मागून इंदू धावत आली, तीही स्टेशनची वाट अडवायला नाही, तिचा नंबर जाईल म्हणून. रांगेत तिचे दोन हंडे होते.

"दोन कशाला?" मी विचारलं. रागात होतो तरी विचारलं.

"एक अम्मांचा. त्यांना उचलत नाही. दोन्ही मीच भरते."

म्हणजे पहिल्या दिवशीचा तो पापडाबरोबरचा पेलासुद्धा! मी कपाळावर हात मारून घेतला. बदलापूरच्या त्या म्हाताऱ्यानं दिलेलं पाणी सोडलं तर तीन दिवस मी लेकीच्याच हातचं पीत होतो.

"काल विचारलं होतं त्याचं काय?" मी म्हटलं.

इंदूनं हंडा एक पाऊल पुढं सरकवला. "अण्णा, तुमच्या घरी मी रांधलं तर तुम्ही जेवणार. माझ्या घरी रांधलं तर उपाशी राहणार. मी गावी आले तर जन्मभर तुमच्याच घरी रांधीन. मला माझ्या घरी तुम्हाला वाढायचंय." मग रडली. "नाही येत मी. तुम्ही या. राब भाजायला आम्ही दोघं येऊ दोन दिवस, यांची सुट्टी काढून. पण राहायला नाही."

तर गावकऱ्यांनो, हे त्या कामाचं झालं. दोघं आली, राब भाजून गेली, हे तुम्ही पाहिलंच. वरची खाचरं मी करणार, खालची यंदा पडीक राहणार. बायकोनं स्वतःच्या हातानं लावलेली खाचरं आहेत ती. बांधावरून जाताना मी तिकडं बघत नाही.

राहिलं त्या दुपारचं. नळाची धार करंगळीएवढी होती. एक बाई मधेच घुसली, तिच्यावर मी वर्गात ओरडावं तसा ओरडलो आणि इंदूचा नंबर राखला. हंडे भरले. एक तिनं उचलला, एक मी खांद्यावर घेतला. निम्मं पाणी माझ्या धोतरावर सांडलं. बराकीत येऊन इंदूच्या बाजूला बसलो, तिच्या घोंगडीवर.

"पाणी दे," म्हटलं.

ती सवयीनं पडद्याकडं वळली, अम्माचा पेला आणायला.

"तिकडचं नको. तुझ्या हंड्यातलं दे. तुझ्या तांब्यात."

इंदूनं तांब्या भरला. काठोकाठ, थोडं सांडलंही. पडद्याखाली ईश्वरीबाईचे पाय दिसत होते, ती तिथंच उभी होती. मी तांब्या तोंडाला लावला आणि तळापर्यंत प्यालो.

पाणी मचूळ होतं, लोखंडाच्या चवीचं. मी तसं तिला सांगितलंही. आणि दुसरा तांब्या मागितला.